हिरव्या टिकलीवरचा गुरुवार

आमच्या रेडिओच्या काचेवर दोन टिकल्या होत्या. लाल टिकली म्हणजे नागपूर, हिरवी म्हणजे दिल्ली. आईला आकडे वाचता येत नाहीत असं नाही. पण काचेवरचे आकडे मुंगीएवढे आणि तिचे डोळे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. म्हणून तिने माझ्या बायकोच्या पाकिटातल्या दोन टिकल्या मागून घेतल्या आणि काटा जिथे असला की आवाज स्वच्छ येतो तिथे त्या चिकटवल्या. तेव्हापासून आमच्या घरी केंद्राचं नाव कोणी घेत नाही. "हिरव्यावर कर", "लालवर ने", एवढंच.

त्या टिकल्या मी पुसून टाकल्या. त्याही एका बुधवारी संध्याकाळी, जेव्हा दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या रेडिओवर आईचा आवाज लागणार होता.

माझा हेतू चांगला होता. मी लाखनीजवळच्या एका राईस मिलमध्ये वजनकाट्यावर काम करतो. धानाचे ट्रक येतात, भरलेले मोजतो, रिकामे मोजतो. काट्यावर धूळ बसली तर माप चुकतं, म्हणून पुसत राहायची मला सवय आहे. उद्याचा दिवस मोठा, रेडिओ स्वच्छ असावा, एवढाच विचार करून मी ओला फडका घेतला आणि काच लख्ख केली. टिकल्या फडक्याला चिकटून गेल्या ते मला दिसलंही नाही.

आधी आईचा आवाज दिल्लीला कसा पोचला ते सांगतो.

आमचं गाव लाखनीपासून सात किलोमीटरवर आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी रेडिओची एक मुलगी आली होती. गावोगाव फिरून जुन्या माणसांचं बोलणं गोळा करत होती. तिच्या माईकला केसाळ टोपी होती; आमच्या कोंबड्या त्याला घुशीचं पिल्लू समजून लांब उभ्या राहिल्या. तिला कोणीतरी सांगितलं होतं की आमच्या घरी काळ्या कुसळाचं धान आहे. हे जुनं धान आता आसपास कोणी लावत नाही. दाणा बारीक, कुसळ काळं, भात शिजला की शेजारच्या घराला कळतं. आई ओसरीवर बसली आणि बोलली. अडतीस मिनिटं. मी घड्याळ पाहत होतो.

त्या अडतीस मिनिटांतलं एक वाक्य तिच्यासाठी महत्त्वाचं होतं. बाकी सगळं त्या वाक्यापर्यंत जायचा रस्ता होता.

ते वाक्य आमच्या मोठीमायबद्दल होतं. मोठीमाय म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको, आईची थोरली जाऊ. वय ब्याऐंशी. आमचं अंगण आणि तिचं अंगण यांच्यामध्ये कमरेएवढी मातीची भिंत आहे, आणि भिंतीच्या मागच्या टोकाला जायला-यायला दोन फुटांची फट. मोठीमायचं माहेर दिघोरीचं. लग्न होऊन आली तेव्हा तिने पदराच्या गाठीत हे काळ्या कुसळाचं बियाणं बांधून आणलं. कापणीच्या आदल्या दिवशी बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, मधोमध जायचं, धुऱ्याजवळच्या, म्हणजे कडेच्या बांधालगतच्या, लोंब्यांना हात लावायचा नाही, एकेक लोंबी निवडायची, जुडी करून चुलीवर धुरात टांगायची, आणि पेरायच्या आधी शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधून किती उगवतात ते मोजायचं. आईला हे सगळं तिने शिकवलं. आई त्या वेळी सोळा वर्षांची होती आणि तिला, तिच्याच शब्दांत, "भातातलं फक्त खाता येत होतं."

पुढे चुली वेगळ्या झाल्या. मोठीमायच्या वाट्याची जमीन तलावाच्या खालची, तिथे पाणी साचून राहायचं, काळं धान तिथे टिकेना. आमच्या बांधीत ते राहिलं. सहा वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात जुनी बियाणं जपणाऱ्या बायांचा सत्कार झाला. आईला मंचावर बोलावलं, नारळ दिला, प्रमाणपत्र दिलं. मोठीमाय समोर तिसऱ्या रांगेत बसली होती. आईच्या हातात माईक आला, आणि आईच्या तोंडून "सगळ्यांले नमस्कार" याच्यापुढे काही निघालं नाही. माईक पुढच्या बाईकडे गेला, आणि मोठीमायचं नाव राहूनच गेलं.

त्या दिवसापासून मोठीमाय आमच्या ओसरीवर आली नाही. भांडण नाही. भिंतीवरून मीठ मागितलं तर मीठ देते, आजारपणात काढा पाठवते. पण येत नाही. आई एकदा भिंतीपाशी जाऊन समजावायला लागली तेव्हा मोठीमाय एवढंच म्हणाली होती, "मंचावर गेली होती तवा जीभ कुठी ठेवली होती वो, लहानी?"

आईने त्यातून एक निष्कर्ष काढला, जो मला तेव्हाही पटला नव्हता. तिच्या मते ही गोष्ट जिथे राहिली, तसल्याच जागेवरून भरायची. भिंतीवरून सांगून उपयोग नाही. चारचौघांत, माईकवरच सांगायचं. आणि सहा वर्षांनी माईक चालत घरी आला.

मुलगी गेल्यावर आईने मला पहिला प्रश्न विचारला, "ते बाईचं सांगतलं ते ठेवतीन का कापतीन गा?" आई मोठीमायला बाई म्हणते.

मी म्हटलं, "अडतीस मिनिटं बोललीस. लावतील पाच मिनिटं. म्हणजे आठातला एक भाग."

"म्हणजे कापतीन?"

"म्हणजे आठात एकदा ठेवतील."

बायको आतून म्हणाली, "तुमच्या जिभेवर पण काटाच बसवला आहे का? 'ठेवतील' म्हणायले काय जाते?"

पौषात त्या मुलीचा फोन आला. देशभरातल्या गावांचे आवाज एकाच दिवशी, दिल्लीहून, दिवसभर मधून मधून लावणार होते. गुरुवार. वेळ? वेळ तिलाही माहीत नव्हती. सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत कधीही.

मी गुरुवारची रजा टाकली.

सकाळी पावणेसहाला आई अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून, सतरंजीवर बसली आणि म्हणाली, "हिरव्यावर कर." मी रेडिओकडे पाहिलं. काच आरशासारखी चमकत होती.

"टिकल्या कुठी गेल्या?"

मी खरं ते सांगितलं. आईने काचेवरून बोट फिरवून पाहिलं. बायको म्हणाली, "अठ्ठावीस वर्षं संसार करून राहिली, एक दिवस घर पुसाले म्हटलं तर तुमची कंबर दुखते. अन् काल काय सुचलं?"

मी म्हटलं, मला आकडा माहीत आहे, त्यावर काटा नेतो. नेला. तिथे नुसती खरखर. काटा आतून सरकलेला होता. काचेवरचा आकडा आणि आतला आवाज यांच्यात किती अंतर आहे हे फक्त त्या टिकलीला ठाऊक होतं. मी काटा केसाएवढा इकडे, केसाएवढा तिकडे करत राहिलो. चिनी भाषा लागली, नाहीतर तशीच कोणती. मग एक माणूस बंगालीत हळू आवाजात काहीतरी समजावत होता. सहा वाजून चार मिनिटं झाली.

तेव्हा भिंतीपलीकडून रेडिओचा आवाज आला. मोठीमायचा रेडिओ. वेगळ्या चुलीसोबत तिने वेगळा रेडिओही घेतला होता. तिच्याकडे हिंदीत एक बाई सकाळचा विचार सांगत होती. मी धावत भिंतीपाशी गेलो, दोन शब्द ऐकले, धावत परत आलो, काटा हलवला, पुन्हा गेलो. पाचव्या फेरीला आमच्याकडेही तीच बाई तेच वाक्य बोलत होती. आईने मला हाताने थांबवलं आणि सुनेकडे हात पुढे केला. बायकोने कपाळावरची टिकली काढून दिली. हिरवी नव्हती, मरून रंगाची होती. आईने ती लावली.

"मोठीमायनं रेडिओ लावला, म्हणजे तिलाही माहीत आहे," बायको हळूच म्हणाली.

"ती रोजच लावते," आई म्हणाली. पण तिने रेडिओ भिंतीच्या दिशेने थोडा फिरवला, ते मी पाहिलं.

मी असा अख्खा दिवस रेडिओ कधी ऐकला नव्हता. मिलमध्ये ट्रकचे भोंगे असतात. लहानपणी, चुली वेगळ्या व्हायच्या आधी, घरी सगळ्यांचा मिळून एकच रेडिओ होता, आणि तो आजोबांच्या खाटेवर असायचा. आम्हाला बातम्यांच्या वेळी श्वास घ्यायचीसुद्धा चोरी. आता पहिल्यांदाच मी वही घेऊन बसलो. वेळ, कार्यक्रम, किती मिनिटं. आईने विचारलं, "हे कायले लिहून राहिला?" मी म्हटलं, नंतर कळेल की कधी लागलं. ती म्हणाली, "लागलं म्हणजे आयकू येईनच ना, बाबू."

सकाळच्या विचारानंतर एका डॉक्टरने गुडघ्यांबद्दल सांगितलं. आईने पाय लांब केले आणि तो सांगेल तसे हलवले. संस्कृत बातम्या झाल्या. त्यातलं आम्हाला अक्षर कळत नाही. आई मात्र हात जोडून ऐकते, कारण तिच्या मते एवढ्या शुद्ध आवाजात कोणी वाईट बातमी देणार नाही. मग आठ वाजताच्या हिंदी बातम्या. इंग्रजी बातम्यासुद्धा आई बंद करू देत नाही. "बोलू दे त्याले. इतक्या सकाळी उठून आला असंन."

आठच्या ठोक्यांना मी एक मोजणी करून घेतली. बायकोने स्वयंपाकघरात मोबाईलवर तेच केंद्र लावलं होतं. पण मोबाईलवरचा रेडिओ मागे चालतो. घड्याळाचे ठोके आमच्या रेडिओवर वाजून गेले आणि नंतर स्वयंपाकघरात वाजले. मी सेकंदकाट्यावर मोजलं: त्रेपन्न सेकंद. नऊला पुन्हा मोजलं: चोपन्न. दहाला त्रेपन्न. आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे मोबाईलवर शिळं येते. आपण ताजं आयकू."

मध्ये मध्ये त्या गावांचे आवाज लागत होते. प्रत्येक वेळी निवेदक म्हणायचा, "अब चलते हैं..." आणि आईची पाठ ताठ व्हायची. राजस्थानात चलते. केरळात चलते. एक म्हातारा डोंगरातला, बर्फ पडायच्या आधी मेंढरं खाली कशी आणतात ते सांगत होता. त्याच्या मागे मेंढ्यांच्या घंटा वाजत होत्या. आई म्हणाली, "बिचारा. थंडी असंन त्याले." समुद्रावरची एक कोळीण बोलली. तिची भाषा कळली नाही, पण नंतर हिंदीत सांगितलं की ती पाण्याच्या रंगावरून मासा ओळखते. आईने मान हलवली. "आपण नाही का, पानाच्या रंगावरून पाण्याचं ओळखतो," असं ती त्या बाईलाच म्हणाली. संसदेचा आढावा झाला. नोकरीच्या जाहिराती झाल्या, तेव्हा बायको म्हणाली, "तुम्ही वजनकाट्यावर आहात ते बरंच आहे. दिल्लीले वजनाचं काम दिसत नाही." अवकाशातल्या कचऱ्यावर एका शास्त्रज्ञाचं भाषण झालं, वर किती तुकडे फिरत आहेत ते ऐकून आईने वर पाहिलं. मुलांसाठी कोल्ह्याची गोष्ट झाली. आईच्या मते कोल्ह्याचं बरोबर होतं, सशाची चूक.

जेवण रेडिओपुढेच झालं. भात, लाखोरीची डाळ, पोपटाच्या शेंगा. ताटात कोणाला काही मागायचं असेल तर खूण करायची.

दुपारी बाराच्या सुमारास मोठीमायच्या बाजूचा आवाज बंद झाला. आईच्या लक्षात माझ्या आधी आलं. ती म्हणाली, "सेल जपून वापरते ती. पहिलेपासूनच." थोड्या वेळाने म्हणाली, "झोपली असंन." आणखी थोड्या वेळाने, "तिले काय पडलं आहे?" तिन्ही वाक्यांत वीस मिनिटांचं अंतर होतं, आणि मध्ये रेडिओवर एक माणूस पुलांच्या बांधणीबद्दल बोलत होता, ज्यातला एकही शब्द तिने ऐकला नाही. मी तिला म्हटलं, भिंतीपाशी जाऊन सांगू का, की आज लागणार आहे, रेडिओ लाव म्हणून?

"काही गरज नाही."

"मग तिने ऐकलंच नाही तर?"

"तिनं नाही आयकलं तरी रेडिओवर सांगतलं म्हणजे सांगतलं," आई म्हणाली. पण रेडिओच्या आवाजाचं बटण तिने दोन खुणा पुढे फिरवलं.

तीन वाजता अंगणात ऊन तिरपं झालं. आम्ही सतरंजी ओढली. चार वाजले. अजून दोन तास होते आणि माझ्या वहीत अकरा गावं झाली होती. मला वाटायला लागलं की भंडारा जिल्हा अडतीस मिनिटांसकट कुठेतरी राहून गेला आहे. मी तसं बोललो नाही. बायकोने चहा ठेवला.

चार वाजून एकेचाळीस मिनिटांनी निवेदक म्हणाला, "और अब चलते हैं महाराष्ट्र के भंडारा ज़िले में, जहाँ एक किसान महिला..."

बायको मोबाईल हातात घेऊनच स्वयंपाकघरातून बाहेर आली. आईने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. आणि रेडिओतून आमच्या कोंबड्यांचा आवाज आला. मग एका बाईचा.

"हे कोण वो?" आईने विचारलं.

"आई, तुम्हीच," बायको म्हणाली.

"माहा आवाज असा आहे?"

"गप, ऐक," मी म्हणालो. पण ती गप राहणार नव्हती. रेडिओतली आई म्हणत होती की कापणीच्या आदल्या दिवशी लोंब्या निवडायच्या, आणि समोर बसलेली आई तिच्या अर्धा शब्द पुढे होती. "धुऱ्याजवळची घ्याची नाही," रेडिओ म्हणाला, आणि आई म्हणाली, "बांधीच्या मधातली घ्याची, हे सांग ना, हे सांगतलं होतं मी." तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही, त्यामुळे ती नेहमीच मोठ्याने बोलते, त्यात आता रेडिओ मोठा, म्हणून ती त्याच्याही वर. मी हाताने थांबवत होतो, बायको हसत होती. आणि मग आई गुडघ्यांवर उठली. "आता म्हणते पाहा! धुरात टांगाचं झालं, आता म्हणते..." आणि भिंतीकडे तोंड करून, दोन्ही मुठी आवळून, तिने अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं:

"हे सगळं मले माह्या मोठ्या जावेनं शिकवलं! दिघोरीवरून पदरात बांधून आणलं तिनं हे बेणं! मले काई येत नव्हतं! जे आहे ते तिचं आहे!"

तिच्या आवाजाखाली रेडिओ काय बोलला ते कोणाला कळलं नाही. आई थांबली तेव्हा रेडिओतली आई म्हणत होती, "...शंभरातले ब्याण्णव उगवले का बेणं चांगलं." मग हिंदीतला निवेदक. मग धन्यवाद. मग ओडिशात चलते हैं.

"ठेवलं ना?" आईचे डोळे भरले होते. "ठेवलं ना त्याईनं? मी म्हणत होती, तवाच तेही म्हणत होती ना?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या हातातला मोबाईल घेतला आणि "पाणी पिऊन येतो" म्हणून आत गेलो. त्रेपन्न सेकंद. मोबाईलवर आईच्या बोलण्याचा पहिला भाग निघून गेला होता, पण शेवटचा भाग अजून यायचा होता. मी मोबाईल कानाला लावला. आई म्हणत होती, "जुडी करून चुलीवर धुरात टांगाचं." मग एक अगदी छोटा श्वास, सुरी फिरावी एवढा. मग लगेच, "पेराच्या आधी शंभर दाणे ओल्या फडक्यात..."

ते वाक्य नव्हतं.

कोणाचा दोष नव्हता. अडतीस मिनिटांतून दीड मिनिट काढायचं तर लोंब्या निवडणाऱ्यानेही तेच केलं असतं: बियाणं ठेवायचं, बाकी सोडायचं. दिल्लीला ती जाऊ कोण, कुठल्या प्रदर्शनात तिसऱ्या रांगेत बसली होती, हे कसं कळणार? पण मी मोजमाप करणारा माणूस. माझ्यासमोर कोणी चुकीचं वजन खरं मानून निघून जात असेल तर मला झोप लागत नाही. बाहेर आई खरं मानून बसली होती.

मी बाहेर आलो तेव्हा भिंतीपलीकडून मोठीमाय बोलत होती.

"लहानी! एवढी कायले वरडून राहिली? मी का बहिरी आहो?"

आई उठून भिंतीपाशी गेली. इतक्या भरभर तिला चालताना मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. "बाई, आयकलं का?"

"आयकलं."

"सगळं?"

"सगळं आयकलं. गाईनं बी आयकलं, चारा सोडून पाहून राहिली." मग मोठीमाय म्हणाली, "चहा झाला का तुमचा?"

मागच्या फटीतून ती आली. हातात काठी, दुसऱ्या हाताने भिंत धरत. सहा वर्षांनी आमच्या ओसरीवर बसली. बायकोने तिला कपात चहा दिला तर म्हणाली, "बशी नाही का तुमच्याकडे? मोठे झाले तुम्ही." बशी दिली. दोघी बसल्या. प्रदर्शनाचं कोणी बोललं नाही, रेडिओचंही नाही. दोघी ओडिशातल्या माणसाचं ऐकत होत्या, जो मध गोळा करत होता. मोठीमाय म्हणाली, "खोटं सांगून राहिला. एवढ्यानं माशी नाही जात." आई म्हणाली, "नाही ना वो, बाई." एवढंच.

मी वहीत लिहिलं: चार एकेचाळीस, भंडारा, एक मिनिट छत्तीस सेकंद. त्याच्यापुढे 'शंभरातले ब्याण्णव' एवढंच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी, सकाळी, मी त्या फटीतून मोठीमायकडे गेलो. ती अंगणात उन्हात खाटेवर बसून पायांना तेल लावत होती. मी म्हटलं, मोठीमाय, एक सांगायचं आहे, कालचं. रेडिओवर तुझं जे ऐकलंस, ते रेडिओवर नव्हतं. ते त्यांनी कापलं. आई ओरडली तेवढंच. मला वाटलं, तुला खरं माहीत असावं.

ती तेल लावत राहिली. मग तिने खाटेखाली बोट दाखवलं. खाटेखाली उशीला टेकवून तिचा रेडिओ होता, आवाज अगदी बारीक, कानाशी लावल्याशिवाय ऐकू न येणारा. तो चालूच होता.

"दिवसभर लावून होता. मोठा ठेवला का सेल लवकर जातात," ती म्हणाली. "याच्यावर मी सगळं आयकलं. याच्यावर माहं काई नव्हतं. अन् त्याच घडीले भिंतीवरून तुझी माय वरडली."

"म्हणजे तुला कालच माहीत होतं?"

"बहिरी ती आहे. मी नाही."

मी म्हटलं, आईला अजून वाटतंय की ते लागलं. तिला सांगायला हवं.

"कायले?" मोठीमायने तेलाची वाटी बाजूला ठेवली. "पाह्य गा, रेडिओनं सांगतलं असतं तर दिल्लीले कळलं असतं. दिल्लीले माहं काय काम आहे? अन् रेडिओनं सांगतलं असतं तर मी म्हटलं असतं, हे तर त्या पोरीनं बोलाले लावलं असंन. काल तिले कोणी बोलाले लावलं नव्हतं. ते तिच्या पोटातून आलं." तिने पाय उन्हात लांब केले. "सहा वर्षं मी त्याचीच वाट पाहून राहिली होती, अन् ती माईकची वाट पाहून राहिली होती. दोघी बी अडाणी."

"पण खरं..."

"तुझा काटा मिलमधी ठेव, बाबू. घरी नोको आणू."

मी उठलो. फटीपाशी पोचलो तेव्हा तिने मागून हाक मारली.

"वही आहे का तुझी? काल दिवसभर लिहून राहिला होता ती?"

खिशातच होती. मी काढली.

"लहानीनं रेडिओवर ब्याण्णव सांगतलं. शंभरातले ब्याण्णव. चूक आहे. माह्या बेण्याचे चौऱ्याण्णव उगवतात. दरसाल चौऱ्याण्णव. हे लिह."

मी भिंतीवर वही टेकवली आणि कालच्या ओळीत ब्याण्णव खोडून चौऱ्याण्णव लिहिलं. पलीकडून आई ओरडत होती, हिरव्यावर लागत नाही म्हणून, आणि मोठीमाय खाटेवरून तिला तेवढ्याच मोठ्याने सांगत होती, की आता हिरवी राहिली कुठी, मरूनवर कर.